नाममुद्रा नसलेली प्रत : चिखलीतील ‘टीव्ही गेम’च्या आठवणींचा पाठविचार

नव्वदीच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांच्या आठवणी आता सांगितल्या व लिहिल्या जाऊ लागल्या आहेत, आणि त्यांत दूरचित्रवाणीसंचाला जोडून खेळावयाच्या खेळयंत्राला मानाचे स्थान मिळाले आहे. ललित निबंधाची ही शाखा अद्याप कोवळी आहे. पण तिचे संकेत मात्र आताच निबर झालेले दिसतात. उन्हाळ्याची सुट्टी, एका घरी जमलेली मुले, ‘कॅसेट’वर मारलेली फुंकर, मारिओ, काँट्रा आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ हा निःश्वास, एवढ्या सामग्रीवर निबंध उभा राहतो. अशा निबंधातील गावाचे नाव झाकले तर तो पुण्याचा की बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचा, हे ओळखता येत नाही. एवढेच नव्हे, तर तो अमेरिकेतील एखाद्या उपनगराचा आहे असे सांगितले तरी वाचकाला फारसे खटकणार नाही. चिखलीची म्हणून जी आठवण होती ती लिहिता लिहिता कोठे नाहीशी होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘स्मरणरंजन’ हा मराठी शब्द सौम्य आहे. त्यात रंजन आहे, वेदना नाही. त्याचा पाश्चात्त्य प्रतिशब्द ‘नॉस्टॅल्जिया’ हा मात्र रोगाचे नाव म्हणून जन्मला. योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या अभ्यासकाने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर गेलेल्या स्विस लोकांच्या झुरणीला, ‘परतणे’ आणि ‘वेदना’ ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव दिले. पुढे स्वेतलाना बॉइम ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या भावनेचे दोन प्रकार केले. एक प्रकार गमावलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहतो. दुसरा गमावल्याच्या जाणिवेपाशीच रेंगाळतो आणि म्हणून विचाराला वाव देतो. खेळयंत्राच्या मराठी आठवणींना ही विभागणी लावू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ह्या आठवणी घर उभारतात खऱ्या; परंतु उभारलेले घर दुसऱ्याचे असते.

ह्याचा पहिला पुरावा यंत्राच्या नावात मिळतो. आज लिहिली जाणारी आठवण सर्रास ‘निन्टेन्डो’ हे नाव घेते. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख अभियंते. १९८५ पासून त्याची वेगळ्या बांधणीची आवृत्ती अमेरिकेत विकली गेली. (चिखली ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते ते अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. विद्यापीठ आणि यंत्र ह्यांच्या वयांत अडीच महिन्यांचे अंतर आहे. ह्या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण ह्या यंत्राचा विचार विद्यापीठाच्या पत्रिकेत कशाला, असे विचारणाऱ्यास तो सांगण्याजोगा आहे.) भारतात ‘सामुराई’ ह्या नावाने ह्या यंत्राची अधिकृत आवृत्ती आली होती. परंतु तालुक्याच्या गावांपर्यंत जे पोहोचले ते बहुतांशी त्याचे अनुकरण होते. पूर्व आशियात बनलेल्या नकली चिपांवर चालणारी ही स्वस्त यंत्रे निरनिराळ्या नावांनी, आणि पुष्कळदा लक्षात राहण्याजोगे नाव नसतानाच, विकली जात.

चिखलीचे भूगोलातील स्थानही येथे ध्यानात घ्यावे लागते. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे घाटाखालून मलकापूर, शेगाव अशी जाते. चिखली घाटावर आहे आणि तिला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. कापूस आणि सोयाबीन ह्यांच्या ह्या बाजारपेठेत येणारी चैनीची वस्तू मोठ्या शहरांच्या घाऊक बाजारातून, हातोहाती, रस्त्याने येणार. हातोहाती येणाऱ्या वस्तूच्या मागे तिच्या निर्मात्याचे नाव येत नाही, तर विकणाऱ्याचा भरवसा येतो. म्हणून त्या काळी घरात त्या यंत्राला कोणी निन्टेन्डो म्हटले नाही. ते ‘टीव्ही गेम’ होते, किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ होते. त्यात बसवावयाची पेटी ‘कॅसेट’ होती, आणि हातात धरावयाचा भाग ‘रिमोट’. ही दोन्ही नावे घरात आधीच असलेल्या वस्तूंवरून घेतली गेली, हेही लक्षणीय आहे. निन्टेन्डो हे नाव पुढे महाजालाच्या काळात कळले आणि मागाहून आठवणीत घातले गेले. भाषेच्या अभ्यासकाने हा प्रक्षेप मानला पाहिजे.

प्रक्षेप, प्रत, पाठभेद ही परिभाषा येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेली नाही. ह्या यंत्राच्या ‘कॅसेटी’ म्हणजे अक्षरशः प्रती होत्या, आणि हस्तलिखितांच्या प्रतींचे जवळजवळ सर्व दोष व गुण त्यांत आढळतात. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. ह्या खेळांच्या मूळ पाठांत ती आरंभी, शीर्षकपटावर, कंपनीचे नाव आणि साल ह्यांच्या रूपाने येई. अनेक खेळ एकत्र भरलेल्या कॅसेटींत ही ओळ पुष्कळदा पुसून टाकलेली असे. खेळांची नावेही बदलत. हडसन कंपनीचा १९८६ चा ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हा खेळ एका नामांकित जपानी खेळाडूच्या नावावर बेतलेला होता. येथील यादीत तो नुसता ‘आयलंडर’ झाला आणि त्याच नावाने स्मरणात राहिला. ‘९९९९ खेळ एकात’ असे मिरविणाऱ्या कॅसेटीत मोजके खेळच असत. उरलेली यादी म्हणजे त्याच खेळांची, निराळ्या नावाखाली किंवा निराळ्या टप्प्यापासून सुरू होणारी, पुनरावृत्ती. लेखनिकाने पोथीची जाडी वाढविण्यासाठी श्लोक दुबार लिहावेत, तसा हा प्रकार. मूळ यंत्राच्या हातातील भागावर नसलेली, दाबून धरली असता गोळ्यांचा अखंड वर्षाव करणारी ‘टर्बो’ कळ ही अनुकरणकर्त्यांनी केलेली आणखी एक भर. चिखलीच्या मुलाला ती प्रक्षिप्त वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या पाठात ती पहिल्यापासून होती.

ह्या पाठभेदांपैकी एक भेद सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा आहे. जपान आणि अमेरिका येथील दूरचित्रवाणीसंच सेकंदाला साठ क्षेत्रे रेखाटीत. भारतात वापरात असलेली ‘पॅल’ पद्धती पन्नास रेखाटी. ह्या खेळांतील हालचाल आणि संगीताचा ठेका ही दोन्ही ह्या रेखाटण्याच्या गतीला बांधलेली असत. त्यामुळे जी अनुकरणयंत्रे पॅल संचांसाठी बनविली होती त्यांवर साठाच्या हिशेबाने रचलेला खेळ एक षष्ठांश मंद चाले. कोजी कोन्दो ह्यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी १९८५ मध्ये रचलेली ती सर्वपरिचित धून अशा यंत्रावर मूळ गतीने वाजलीच नाही; सूर जवळपास तेच राहिले, चाल मात्र सावकाश झाली. आज तीच माणसे महाजालावर मूळ धून ऐकतात तेव्हा ती त्यांना घाईची वाटते, आणि हा आपल्या वयाचा परिणाम आहे अशी ते समजूत करून घेतात. वस्तुतः त्यांचे स्मरण अचूक असते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ह्या तीन नियमांनी ज्या लयीचे विवेचन केले, ती लय कलाकृतीच्या घटकांमधील संबंधांत असते. येथे सर्वच घटक एकाच प्रमाणात मंद झाले असल्याने ते अंतर्गत संबंध अबाधित राहिले. बदलला तो खेळणाऱ्याच्या हाताशी असलेला संबंध. उडी मारण्यास किंचित अधिक अवकाश मिळाला. कठीण खेळ थोडा दयाळू झाला. आपण लहानपणी फार चपळ होतो असे ज्यांना आठवते त्यांनी हा हिशेब पाहावा; आणि ज्यांना ही धून संथ, उन्हाळी दुपारीसारखी आठवते त्यांची आठवण कोणी ‘सुधारू’ नये.

आता फुंकरीचा विचार करू. ह्या निबंधांची ती लाडकी प्रतिमा आहे. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढावयाची, तिच्या तोंडाशी फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसवावयाची. मग खेळ सुरू होई. मराठीत फुंकर दुखऱ्या जागेवर घालतात, मंत्र टाकण्यासाठी घालतात. त्यामुळे ही प्रतिमा लेखकाला आयतीच मिळते आणि तो तिच्यावर भाळतो. पण ह्या प्रतिमेचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्रात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे, आणि तेथील बहात्तर पिनांची खोबण सैल होऊन संपर्क तुटे. फुंकरीची अवघी दंतकथा ह्या खोबणीतून निघाली. जपानी यंत्र आणि त्याची अनुकरणे ह्यांत कॅसेट वरून, सरळ, साठ पिनांच्या खोबणीत बसे; तो विशिष्ट दोष त्यांत नव्हता. घाटावरच्या गावात धूळ असते, स्वस्त खोबण झिजते, आणि येथेही मुलांनी फुंकर मारली ह्यात शंका नाही. परंतु तिने काम होत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. श्वासातील ओलावा उलट धातूला अपायकारकच. मुद्दा भौतिकीचा नाही. अमेरिकन आठवणीत ही कृती केंद्रस्थानी आहे म्हणून मराठी आठवणीतही ती केंद्रस्थानी आली, आणि येथील यंत्राचा जो खरा व्याधी होता तो बाजूला पडला. तो व्याधी विजेचा होता.

ज्या यंत्राविषयी इतक्या आठवणी सांगितल्या जातात त्याची स्वतःची कामचलाऊ स्मृती अवघी दोन किलोबाइट होती, आणि वीज जाताच ती पुसली जाई. बॅटरी बसवून प्रगती जतन करणाऱ्या कॅसेटी जगात १९८७ पासून मिळू लागल्या होत्या. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा त्या प्रकारातील विख्यात खेळ. येथील बहुखेळी कॅसेटींत तसली सोय नसे. मारिओच्या आठव्या जगापर्यंत पोहोचलेल्या मुलाला जेवावयाला बोलावले तर तो खेळ थांबवून पडदा बंद करी आणि यंत्र चालूच ठेवी. अडॅप्टर तापत राही. आणि तेवढ्यात वीज गेली की सकाळपासूनचा सारा उद्योग शून्यावर येई. भारनियमन ज्या प्रदेशाच्या अंगवळणी पडले आहे तेथे ह्या खेळाला एक अपरिहार्य रूप प्राप्त झाले : तो नेहमी आरंभापासून खेळावयाचा. पहिला टप्पा शेकडो वेळा, शेवटचा क्वचित. म्हणून ह्या पिढीला पहिल्या टप्प्यातील प्रत्येक वीट पाठ असते आणि शेवटाविषयी ती ऐकीव माहितीवर बोलते. ग्रंथाचा पहिला अध्यायच पुन्हा पुन्हा वाचलेल्या वाचकवर्गाचे हे उदाहरण रसग्रहणाच्या अभ्यासाला नवे नाही. चातुर्मासात पोथी लावणारांपैकी कितीजण अखेरपर्यंत बसत असत?

कोणते खेळ स्मरणात राहिले, हा प्रश्नही विजेइतकाच भौतिक कारणांशी निगडित आहे, आणि आठवणी लिहिणारे ह्याचा विचार अजिबात करीत नाहीत. त्यांना वाटते, उत्तम होते म्हणून हे खेळ टिकले. वस्तुतः एका कॅसेटीत पुष्कळ खेळ बसवावयाचे तर ते आकाराने लहान हवेत. नामकोचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’, कोनामीचा ‘सर्कस चार्ली’ हे खेळ प्रत्येकी चोवीस किलोबाइटांचे. पहिला मारिओ चाळीसांचा. यंत्राच्या आरंभीच्या तीन-चार वर्षांतील हे छोटे खेळच बहुखेळी कॅसेटींचा कणा बनले. १२८ किलोबाइटांचा ‘काँट्रा’ हा त्या मानाने अजस्र, आणि त्यामुळेच ज्या कॅसेटीत तो असे तिचा मान मोठा. दुसरे कारण भाषेचे. ज्या खेळांत वाचावे लागते, पात्रांशी संभाषण होते, ते येथे रुजले नाहीत. वाचल्याशिवाय कळणारे तेवढेच खेळ चिखलीचे झाले. जगात ह्या यंत्राची जी ‘अभिजात’ यादी मानली जाते ती आणि चिखलीची यादी ह्या दोहोंची तुलना करण्याची संधी निन्टेन्डोनेच दिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने आपल्या जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती तीस खेळांसह बाजारात आणली. तिच्या अमेरिकन आवृत्तीत मारिओ आहे, झेल्डा दोनदा आहे. बॅटल सिटी नाही. बाँबरमॅन नाही. सर्कस चार्ली, रोड फायटर, ॲडव्हेंचर आयलंड नाहीत. काँट्राऐवजी त्याचा उत्तरभाग आहे. बदके टिपण्याचा ‘डक हंट’ही नाही, आणि तो असता तरी व्यर्थ होता. त्याची बंदूक प्रकाश टिपणारी होती. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि तो जुन्या काचनळीच्या पडद्यावर ठरलेल्या क्षणीच उमटला तरच बंदुकीला दिसे. आजच्या सपाट पडद्यांवर ती बंदूक आंधळी आहे. गमावलेले घर जसेच्या तसे परत देण्याचे हे व्यापारी अभिवचन चिखलीच्या माणसाला लागू पडत नाही, कारण त्याचे घर त्या नकाशातच नव्हते.

ज्या खेळांनी येथे घर केले त्यांत काँट्रा आणि बॅटल सिटी ह्यांचे स्थान निराळे आहे, आणि ते मारिओपेक्षा वरचे मानावे लागेल. कारण हे दोन्ही खेळ दोघांनी एकाच वेळी, एका बाजूने खेळावयाचे. एक संच, दोन रिमोट आणि खोलीभर मुले ह्या परिस्थितीला मारिओची आळीपाळी जाचक होती. काँट्राची कथा पुस्तिकेत छापलेली होती. जपानी पाठात ती २६३३ सालातील न्यूझीलंडजवळच्या बेटांवर घडते, अमेरिकन पाठात त्या काळच्या वर्तमानात, ॲमेझॉनच्या अरण्यात. चिखलीत पुस्तिका आली नाही. त्यामुळे जंगलात शिरलेले ते दोन उघडे गडी कोण आणि कोणावर गोळ्या झाडतात, हे ज्याचे त्याने ठरविले. कथेचा भार उतरल्यामुळे खेळातील नैतिक प्रसंग अधिक उघडे पडले. तिसऱ्या टप्प्यातील धबधबा हा त्यांतील श्रेष्ठ प्रसंग. तेथे पडदा वर वर सरकतो. जो पुढे चढतो त्याच्याबरोबर तो वर जातो आणि मागे राहिलेला सोबती पडद्याच्या खालच्या कडेखाली पडून मरतो. शत्रूची एकही गोळी न लागता केवळ मित्राच्या उतावीळपणामुळे येणारे हे मरण किती भांडणांना कारण झाले असेल, ह्याची गणती नाही. बॅटल सिटीत दोन रणगाड्यांनी मिळून विटांआड बसविलेल्या गरुडाचे रक्षण करावयाचे. सोबत्याची गोळी सोबत्याला लागली तर तो मरत नाही, काही काळ जागच्या जागी थिजतो. आणि गरुड स्वतःच्या गोळीनेही नष्ट होऊ शकतो. शत्रू वीसच असतात, मोजलेले. पराभव बहुधा घरातूनच येतो. महाकाव्यांच्या अभ्यासकाला हा आशय ओळखीचा वाटेल.

ह्या खेळांभोवती जी बोली तयार झाली तिची नोंद झालेली नाही, आणि हे दुर्लक्ष मराठी विभागांनी तरी करावयास नको होते. पडद्यावरील आकृती नाहीशी झाली की मुलगा ‘तो मेला’ असे म्हणत नसे. ‘मेलो’ असे म्हणे. प्रथमपुरुषाचा हा वापर यंत्राने शिकविलेला नाही. हुतूतूत बाद झालेला गडी ‘मेला’च म्हटला जातो, आणि आपल्या बाजूने विरुद्ध पक्षाचा गडी मारला की तो पुन्हा ‘जिवंत’ होतो. ह्याच नियमावर कबड्डीच्या एका प्रकाराला ‘संजीवनी’ असे नाव आहे. मरून पुन्हा खेळावयाचे, ही ह्या यंत्राची कल्पना युरोपीय समीक्षकांना गहन वाटली असली तरी मराठी मुलाला ती मैदानावरून आलेली, जुनी होती. भेद एवढाच की हुतूतूत जीव सोबत्याच्या पराक्रमाने परत मिळतो. यंत्रात तो आधीच मोजून दिलेला असतो, तीन. काँट्रात वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे अशा कळा दाबून ते तीस करून घेण्याची युक्ती काझुहिसा हाशिमोतो ह्यांनी मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी, स्वतःला तो खेळ तपासताना जड जात होता म्हणून, घातली होती. ती मंत्रासारखी तोंडपाठ करणाऱ्यांना मंत्राचा द्रष्टा ठाऊक नव्हता. मंत्राच्या बाबतीत हे नेहमीचेच.

येथवर आठवणींतील वस्तूचा विचार झाला. आठवण सांगणाऱ्याचा विचार केल्यास ह्या निबंधांचे मोठे वैगुण्य उघड होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) ज्या भाषेत लिहिली गेली त्या भाषेतील आठवणलेखकाने स्वतःला हास्यास्पद करावयास भिण्याचे कारण नाही. परंतु खेळयंत्राच्या आठवणींतील ‘आम्ही सगळे’ हा शब्दप्रयोग निरागस दिसतो आणि पुष्कळ काही लपवितो. यंत्र ज्याच्या घरचे त्याच्या हाती पहिला रिमोट, हा अलिखित नियम होता. मूळ जपानी यंत्रात खेळ सुरू करण्याची आणि थांबविण्याची कळ फक्त पहिल्या रिमोटवर होती, दुसऱ्यावर नव्हतीच. आणि अनेक अनुकरणांनी हा भेद तसाच ठेवला. म्हणजे खोलीतील सत्ता यंत्राच्या रचनेतच कोरलेली होती. ‘आम्ही सगळे’ खेळलो खरे. खेळ थांबविण्याचा अधिकार मात्र एकाचा होता. ज्यांचा डाव संध्याकाळपर्यंत आलाच नाही, त्यांच्या आठवणी ‘स्मरणरंजन’ ह्या सदरात बसत नाहीत म्हणून लिहिल्या जात नाहीत. आणि बहीण? ती ह्या निबंधांत बहुधा दारात उभी असते. जेवायला बोलावणे, आई रागावल्याचे सांगणे, एवढ्यापुरती ती येते आणि जाते.

मराठीत प्रतींचा विचार करण्याच्या दोन परंपरा आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे संशोधन केले ते मूळ कर्त्याचा शुद्ध पाठ मिळावा म्हणून. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमविल्या त्या मात्र हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून. आणि ‘लीळाचरित्रा’च्या परंपरेने कोणाच्या स्मरणात काय निराळे आहे, त्याचाही मान राखला. खेळयंत्राच्या आठवणी आज नकळत पहिल्या मार्गाने चालल्या आहेत. शुद्ध पाठ म्हणजे निन्टेन्डो. त्याच्याशी जे जुळत नाही ते चूक म्हणून गाळावयाचे. काल्पनिक अचूकतेसाठी साक्षीदाराचा बळी देणारी ही पद्धती ज्ञानेश्वरीसारख्या एककर्तृक ग्रंथाला शोभते. अनेक हातांतून, नावाशिवाय आलेल्या वस्तूला दुसरीच पद्धती हवी. चिखलीपासून मेहकर आणि लोणार फार दूर नाहीत, आणि चक्रधरांच्या लीळांत ही दोन्ही स्थाने आहेत. तेव्हा नमुना जवळचाच आहे.

त्या नमुन्याने काम करावयाचे तर सामग्री मिळविण्याची घाई करावी लागेल. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेल्या त्या स्वस्त चिपा अमर नाहीत, अडॅप्टर केव्हाच जळाले आहेत, काचनळीचे संच भंगारात गेले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने कॅसेटवरील चिठ्ठीची आणि पडद्यावरील खेळांच्या यादीची छायाचित्रे घ्यावीत, शब्द उतरून घ्यावेत, कोणता खेळ कोणत्या नावाने ओळखला जात होता ते लिहावे. आणि प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे स्थान लिहावे : संचाच्या मालकाचा मुलगा, शेजारचा, डाव न मिळालेला. बॅटल सिटीत स्वतः मैदान रचण्याची सोय होती. विटा, पोलाद, पाणी आणि झाडी मांडून मुलांनी आपापली मैदाने रचली, त्यांवर एखादी दुपार लढाई झाली आणि यंत्र बंद होताच ती गेली; त्यांचे वर्णन आता फक्त तोंडी मिळेल. दारात उभ्या असलेल्या बहिणीलाही विचारावे. रिमोट धरलेल्या मुलांनी त्या वर्षांत पडद्याखेरीज फारसे काही पाहिले नाही. कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसत असे, कोणाला उठविले जाई, वीज गेल्यावर अंधारात आधी कोण बोले, हे तिने दारातून पाहिलेले आहे.